सर्फिंग आणि स्केटबोर्डिंगचे चित्रपट कसे पाहावेत

सर्फिंगचा चित्रपट पहिल्यांदा पाहणाऱ्याचे डोळे पहिल्या दोन लाटांना दिपतात आणि सहाव्या लाटेपर्यंत तो घड्याळाकडे पाहू लागतो. स्केटबोर्डिंगच्या चित्रफितींचेही असेच होते. मुलगा येतो, उडी मारतो, फळी हवेत फिरते, चाके खाली आदळतात आणि पुढचा मुलगा येतो. क्रिकेटचे नियम ठाऊक नसलेल्या पाहुण्याला कसोटी सामन्याला नेऊन बसवावे, तशी आपली अवस्था होते. गेली काही वर्षे मी हे चित्रपट मित्रमंडळींना घरी जमवून दाखवत आलो आहे आणि त्यातून ते पाहण्याची एक पद्धत हळूहळू हाती लागली आहे. ती अशी, की खेळाडू काय करतो आहे याआधी कॅमेरा कुठे उभा आहे आणि तो कुणाच्या हातात आहे, हे पाहावे. या दोन्ही खेळांची संस्कृती बव्हंशी खेळणाऱ्यांनीच चित्रित केलेली असल्यामुळे या एका प्रश्नातून बाकीचे बरेच काही उलगडत जाते.

पहिली दहा मिनिटे आवाज बंद ठेवून

कोणताही चित्रपट लावल्यावर पहिली दहा मिनिटे आवाज बंद ठेवावा, कारण कशाचे कौतुक वाटायला हवे ते संगीत आणि निवेदन आपल्याला आधीच सांगून टाकतात. आवाज नसला की नजर आपोआप पायांकडे जाते. डावा पाय पुढे ठेवून उभा राहणारा 'रेग्युलर' आणि उजवा पाय पुढे ठेवणारा 'गूफी'. दोन्ही खेळांत शब्द हेच आहेत. त्यानंतर लाटेवरच्या माणसाचे तोंड लाटेच्या भिंतीकडे आहे की पाठ, हे पाहावे. पाठ करून जाणे अधिक अवघड, कारण लाट कुठे कोसळते आहे हे त्याला खांद्यावरून मागे वळूनच पाहावे लागते. स्केटबोर्डवर नेहमीचा पाय सोडून दुसरा पाय पुढे ठेवून युक्ती केली तर तिला 'स्विच' म्हणतात. आपण डाव्या हाताने सुबक अक्षर काढावे, तशी ती गोष्ट आहे, आणि माहीतगार प्रेक्षक अशाच जागी दाद देतो.

दुसरी गोष्ट म्हणजे दृश्य कुठे तोडले आहे. युक्तीची सुरुवात, हवेतला भाग आणि उतरणे हे सारे सलग दिसले, शिवाय उतरल्यानंतर फळी पुढे सरकत जाण्याचे एक-दोन सेकंदही ठेवले असतील, तर ते काम खेळातल्या माणसाचे आहे असे खुशाल समजावे. मध्येच चेहऱ्याचा समीपदृश्याचा तुकडा आला, तर दोन वेगळ्या माणसांचे काम जोडलेले असण्याची शक्यता मोठी असते. जुन्या सर्फिंगपटांत मात्र तुकडे लहान असण्याला एक साधे यांत्रिक कारणही आहे. चावीवर चालणारा १६ मिलिमीटरचा कॅमेरा एकदा चावी दिल्यावर जेमतेम अर्धा मिनिट चालत असे आणि १०० फुटांचे फिल्मचे रीळ पावणेतीन मिनिटांत संपत असे. काठावर तिपाई लावून बसलेल्या माणसाला, येणारी लाट चांगली निघेल की नाही, हे ती उठण्याआधीच ठरवावे लागे. तो स्वतः सर्फर असेल तरच ते अचूक ठरवता येई.

लाटांचे हे गणित समजण्यासाठी एकदा समुद्रावर जाऊन बसावे. गुहागरच्या पुळणीवर एका दुपारी मी तासभर नुसत्या लाटा मोजत बसलो होतो. बराच वेळ बारीक लाटा येतात, मग तीन-चार किंवा त्याहून अधिक मोठ्या लाटा एकामागोमाग येतात आणि पुन्हा शांतता पसरते. या गटाला सर्फर 'सेट' म्हणतात. पडद्यावर पाण्यात फळीवर पाय सोडून नुसती बसलेली माणसे दिसतात, ती या सेटची वाट पाहत असतात. दूरच्या वादळातून निघून हजारो किलोमीटर चालत आलेल्या लांब लाटांना 'स्वेल' म्हणतात. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धातून दक्षिणेची स्वेल येते आणि हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधून उत्तरेची. हे ठाऊक असले की जॉन मिलियस यांच्या १९७८च्या 'बिग वेन्सडे'ची रचनाच डोळ्यांसमोर उघडते. तीन मित्रांची ही गोष्ट १९६२, १९६५, १९६८ आणि १९७४ अशा चार टप्प्यांत सांगितली आहे आणि प्रत्येक टप्प्याला स्वेलचे नाव दिले आहे: आधी दक्षिण, मग पश्चिम, मग उत्तर आणि शेवटी 'ग्रेट'. मित्रांचे तारुण्य उन्हाळ्यातून हिवाळ्यात जाते, मध्ये व्हिएतनामच्या युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती येते आणि वेड्याचे सोंग घेऊन ती चुकवू पाहणारी मुलेही दिसतात. चित्रपट प्रदर्शनाच्या वेळी पडला. आज मला तो या विषयावरचा सर्वांत मनापासून केलेला कथापट वाटतो.

एक लहानशी सूचना येथेच करून ठेवतो. हवाईच्या जुन्या पद्धतीत लाटेची उंची साधारणतः मागच्या बाजूने धरतात, आणि ती पुढून दिसणाऱ्या भिंतीच्या जवळपास निम्मी भरते. त्यामुळे निवेदक १५ फुटांची लाट म्हणत असताना पडद्यावर तीन मजली घराएवढे पाणी दिसले, तर गोंधळून जाऊ नये.

काठावरून पाण्यात

पाहण्याचा क्रम काळाप्रमाणे ठेवावा, कारण कॅमेरा काठावरून हळूहळू पाण्यात कसा शिरला हे तेव्हाच कळते. सर्फिंग हा मूळचा हवाईच्या लोकांचा खेळ असून त्यांच्या भाषेत त्याला 'हेए नालू' म्हणतात. एडिसन यांच्या कंपनीच्या छायालेखकाने १९०६ मध्ये वाइकीकीच्या लाटा टिपल्या, तेव्हा तो आलेल्या पाहुण्याच्या नजरेने टिपत होता. खेळणाऱ्यांचा स्वतःचा सिनेमा सुरू झाला तो कॅलिफोर्नियात १९५३ मध्ये. जीवरक्षक म्हणून काम केलेल्या बड ब्राउन यांनी हवाईत चित्रित केलेला चित्रपट त्या वर्षी सांता मोनिकातील एका शाळेच्या सभागृहात दाखवला. पुढची बरीच वर्षे हे चित्रपट असेच चालले: दिग्दर्शक स्वतः रीळ घेऊन गावोगावी जाई, सभागृह भाड्याने घेई, भिंतींवर भित्तिपत्रके चिकटवी आणि प्रक्षेपकाशेजारी उभा राहून निवेदन करी. आपल्याकडच्या तंबूतल्या सिनेमाची ज्यांना आठवण आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

याच सुमारास हॉलिवूडने मालिबूचा किनारा शोधून काढला. कॅथी कोनर या मुलीचे अनुभव ऐकून तिचे वडील फ्रेडरिक कोनर यांनी १९५७ मध्ये कादंबरी लिहिली आणि १९५९ मध्ये तिच्यावर 'गिजेट' हा चित्रपट आला. तो अवश्य पाहावा, पण कॅमेऱ्याकडे लक्ष ठेवून. जवळच्या दृश्यात नटी फळीवर उभी असते, मागे पडद्यावर समुद्र हलत असतो आणि फळीच्या डुलण्याचा व क्षितिजाच्या हलण्याचा काही संबंध नसतो. दूरच्या दृश्यात मात्र लाट खरी आणि स्वारही खरा: विग आणि बिकिनी घालून तिच्या जागी मिकी मुन्योझ हा पुरुष सर्फर लाटेवर गेला होता. जिच्या खऱ्या अनुभवावर कथा उभी राहिली, त्या मुलीचे लाटेवरचे काम पुरुषाला विग घालून करायला द्यावे, हे आज पाहताना मनाला लागते.

ब्रूस ब्राउन यांचा 'द एंडलेस समर' या सगळ्याच्या मधोमध उभा आहे, म्हणून त्याला एक पूर्ण संध्याकाळ द्यावी. माइक हिन्सन आणि रॉबर्ट ऑगस्ट हे दोघे सर्फर उन्हाळ्याचा पाठलाग करत सेनेगल, घाना, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ताहिती असे फिरतात, एवढीच कथा. १९६४ पासून ब्राउन यांनी तो सभागृहांत दाखवला. वितरक मिळेना, तेव्हा समुद्रापासून कोसो दूर असलेल्या कॅन्ससमधील विचिटा शहरात भर हिवाळ्यात खेळ लावून त्यांनी त्याची चालण्याची ताकद सिद्ध केली आणि १९६६ मध्ये तो देशभर प्रदर्शित झाला. दक्षिण आफ्रिकेतील केप सेंट फ्रान्सिसचा प्रसंग दोनदा पाहावा. दोघे डोक्यावर आणि काखेत फळ्या घेऊन वाळूच्या टेकड्या ओलांडतात. कॅमेरा दूर आहे, माणसे मुंग्यांएवढी दिसतात. मग लाट येते, नितळ, एका रेषेत सोलत जाणारी, आणि स्वार तिच्यावर इतका वेळ टिकतो की आपण श्वास रोखून तो कधी पडतो याची वाट पाहू लागतो. काहीही नाट्य न रचता केवळ वेळ वाढवत नेऊन आनंद निर्माण करणारे असे दृश्य मी फार थोड्या चित्रपटांत पाहिले आहे.

दुसऱ्यांदा पाहताना चौकटीच्या बाहेर काय राहिले ते शोधावे. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचे राज्य होते. सार्वजनिक जागा वंशानुसार वाटून टाकणारा कायदा १९५३ मध्येच झाला होता आणि समुद्रकिनारेही गोऱ्यांसाठी राखलेले होते. चित्रपटात याचा उल्लेख येतो तो शार्क आणि डॉल्फिन यांच्यावरच्या एका ओझरत्या विनोदापुरता. घानाच्या किनाऱ्यावर निवेदन असे काही चालते, की तिथल्या लोकांना लाटेवर स्वार होणे या दोघांनी शिकवले. वस्तुतः त्या किनाऱ्यावर मुले फळ्यांवरून लाटा पकडत असल्याची नोंद सतराव्या शतकातील युरोपीय प्रवाशाने केलेली आहे. मला हा चित्रपट अतिशय प्रिय आहे आणि म्हणूनच त्याचे हे अंधारे कोपरे पाहुण्यांना दाखवल्याशिवाय मी राहत नाही.

यानंतर लगेच जॉर्ज ग्रीनॉ यांचे चित्रण पाहावे. गुडघ्यांवर बसून छोटी फळी चालवणाऱ्या या माणसाने अवजड कॅमेरा जलरोधक पेटीत घालून स्वतःच्या पाठीवर बांधला आणि लाट वळून कोसळताना तिच्या आत जी पोकळ नळी तयार होते, तिच्यात तो शिरला. १९७३च्या 'क्रिस्टल व्हॉयेजर'च्या अखेरच्या दीर्घ भागात पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाच्या 'एकोज' या रचनेवर कॅमेरा नळीच्या आतून पाहत राहतो: काचेसारखे वळलेले हिरवे पाणी, त्यातून गाळून आलेला सूर्य आणि दूर टोकाला उजेडाचा लहानसा डोळा. खेळाडू येथे दिसतच नाही. येथे आवाज चालू ठेवावा आणि खोलीतले दिवे घालवावेत. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात अल्बर्ट फाल्झन यांनी 'मॉर्निंग ऑफ द अर्थ' केला. त्यातून बालीच्या उलुवाटूची लाट जगाला दिसली आणि त्यामागून तिथे जगभरच्या सर्फरांची रीघ लागली.

हॉलिवूडच्या नंतरच्या चित्रपटांपैकी कॅथरिन बिगेलो यांचा १९९१चा 'पॉइंट ब्रेक' पुरेसा आहे. शेवटचा प्रसंग कथेप्रमाणे ऑस्ट्रेलियातील बेल्स बीचवर घडतो, पण किनाऱ्यामागची सूचिपर्णी झाडे पाहावीत. चित्रण अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या किनाऱ्यावर झाले आहे.

पाणी आटल्यावर रस्ता

स्केटबोर्डिंगकडे वळताना दोन लघुपट आधी पाहावेत, दोन्ही अर्ध्या तासात संपतात. नोएल ब्लॅक यांच्या १९६५च्या 'स्केटरडेटर'मध्ये एकही संवाद नाही. अनवाणी मुलांची टोळी, सायकलवरची मुलगी आणि उतारावरची स्पर्धा एवढ्यावर तो चालतो, आणि कानच्या महोत्सवात १९६६ मध्ये त्याला लघुपटाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. दुसरा क्लॉद ज्युत्रा यांचा कॅनडातील 'द डेव्हिल्स टॉय', १९६६चा. माँट्रियलच्या उतारांवर खेळणाऱ्या मुलांच्या फळ्या पोलीस जप्त करतात, आणि हा लघुपट असहिष्णुतेच्या सर्व बळींना अर्पण केलेला आहे. शहराच्या जागेवर हक्क कुणाचा, हा वाद या खेळाच्या जन्मापासून त्याच्या पाठीशी आहे, हे येथेच कळते.

लाट आणि रस्ता यांचा सांधा पाहायचा असेल तर स्टेसी पेराल्टा यांचा २००१चा माहितीपट 'डॉगटाउन अँड झी-बॉइज' पाहावा. सांता मोनिका आणि व्हेनिस यांच्या सीमेवरच्या पडक्या करमणूक-धक्क्याच्या खांबांमध्ये झेफिर या सर्फिंगच्या दुकानाच्या चमूतली ही मुले, म्हणजेच 'झी-बॉइज', पहाटे सर्फिंग करत. वारा उठून लाटा मोडल्या की ती शाळांच्या मैदानांतल्या डांबरी उतारांवर जात आणि हवाईचे सर्फर लॅरी बर्टलमन यांच्याप्रमाणे खाली वाकून, जमिनीला हात टेकवून वळण घेत. हा हात नीट पाहावा. पाण्यात तो लाटेच्या भिंतीवरून बोटे फिरवत जातो आणि डांबरावर तोच हात तशाच डौलाने टेकतो. अंगात मुरलेली लाट अशी जमिनीवर उतरते. १९७३च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी यांची पॉलियुरेथेनची चाके बाजारात आली होती. त्याआधीच्या मातीच्या चाकांसारखी ती घसरत नव्हती, रस्ता धरून राहत. पुढे १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात कडक दुष्काळ पडला, घरांमागचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि त्यांच्या गोल भिंती या मुलांना गोठलेल्या लाटांसारख्या सापडल्या. निवेदक शॉन पेन एका वाक्याच्या मध्येच घसा खाकरतात आणि ते तसेच ठेवले आहे. चित्रपटाचा सगळा स्वभाव त्या एका खाकरण्यात ऐकू येतो.

मात्र येथेही कॅमेरा कुणाच्या हातात आहे हा प्रश्न सोडू नये. पेराल्टा स्वतःच त्या चमूतले एक खेळाडू होते, आणि चित्रपटाला पैसा बुटांच्या व्हॅन्स या कंपनीने दिला. चमूत पेगी ओकी ही एकच मुलगी होती. तिच्या वाट्याला किती वेळ येतो, ते मोजून पाहावे.

पेराल्टा यांनीच १९८४ मध्ये आपल्या फळ्यांच्या कंपनीसाठी 'द बोन्स ब्रिगेड व्हिडिओ शो' ही व्हीएचएस कॅसेट काढली आणि स्केटबोर्डिंगचा सिनेमा चित्रपटगृहाऐवजी घरातल्या टीव्हीवर गेला. अशा चित्रफिती म्हणजे उघड उघड जाहिरात असते, आणि तरीही एका पिढीने त्या रीळ झिजेपर्यंत पाहून युक्त्या शिकल्या. त्यांची रचना ठरलेली असते: प्रत्येक खेळाडूला एक 'पार्ट', त्याला एक गाणे आणि सर्वांत मानाचा भाग शेवटी. स्पाइक जोन्झ यांनी ब्लाइंड या फळ्यांच्या कंपनीसाठी केलेली १९९१ची 'व्हिडिओ डेज' येथे पाहण्यासारखी आहे, कारण त्यात मार्क गोन्झालेस यांच्या भागाला जॉन कोल्ट्रेन यांचे जॅझ आहे. आधी मूकपणे आणि मग संगीतासह पाहिल्यास, दोघेही ठरलेल्या चालीत सुचेल ते भरत जातात हे जाणवते. आपल्याकडच्या बैठकीत बसणाऱ्या श्रोत्याला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१९९५ नंतरच्या चित्रफितींत सोनी व्हीएक्स१००० हा कॅमेरा ओळखायला शिकावे. चौकोनी चित्र, कडांना गोल वाकवणारी फिशआय काच आणि चाकांचा खणखणीत आवाज, या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या की तो असण्याची शक्यता फार मोठी. चित्रण करणारा स्वतः स्केटबोर्डवर असतो, वरच्या मुठीने कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर धरतो आणि खेळाडूच्या मागून एवढ्या जवळून जातो की फळी काचेवर आपटायची भीती असते. उन्हं उतरतानाच्या दृश्यांत जमिनीकडे पाहावे. दोन सावल्या दिसतात, एक उडणारी आणि एक वाकलेली. मग डोळे मिटून चाके ऐकावीत: फरशीच्या सांध्यांवरून ठरावीक ठेक्यात टकटक, खडबडीत डांबरावर खरखर आणि उडीच्या वेळी अर्ध्या क्षणाची शांतता. ती शांतता मोडून चारही चाके एकदम बोलली तर उतरणे साफ झाले. पडण्याचे, रक्ताळलेल्या कोपरांचे आणि सुरक्षारक्षकांशी झालेल्या वादांचे तुकडेही या चित्रफितींत मुद्दाम ठेवलेले असतात. ते पुढे ढकलू नयेत.

या सगळ्या तयारीनंतर बिंग लियू यांचा २०१८चा 'माइंडिंग द गॅप' पाहावा, आधी मुळीच नाही. इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड या उद्योग गमावलेल्या शहरात मित्रांना चित्रित करत फिरणारा हा मुलगा, तोच फिरता कॅमेरा हळूहळू त्यांच्या घरांत नेतो आणि मारहाणीच्या आठवणी बाहेर येऊ लागतात. शेवटी तो कॅमेऱ्यासमोर आईला बसवतो आणि स्वतःही चौकटीत येतो. इतकी वर्षे सावलीच्या रूपात दिसलेला, कॅमेरा धरणारा माणूस येथे पहिल्यांदा समोर बसतो, आणि ते पाहताना दर वेळी माझा गळा दाटून येतो. कौटुंबिक हिंसेचा विषय असल्यामुळे हा चित्रपट लहान मुलांसोबत लावू नये आणि पाहुण्यांनाही आधी कल्पना द्यावी.

मुलींच्या हाती फळी येते तेव्हा काय होते, यासाठी काबूलमधल्या मुलींवरचा, २०२० मध्ये ऑस्कर मिळालेला कॅरोल डायसिंगर यांचा लघुपट 'लर्निंग टू स्केटबोर्ड इन अ वॉरझोन' आणि भारताच्या किनाऱ्यांवरून प्रवास करणाऱ्या महिला सर्फरांचा 'बियाँड द सरफेस' एकापाठोपाठ लावावेत. दुसऱ्यात मुंबईत वाढलेल्या आणि कर्नाटकाच्या कोडी बेंगरे येथे सर्फिंग शिकवणाऱ्या इशिता मालवीय भेटतात.

सर्वांत शेवटी मंजरी माकिजानी यांचा २०२१चा 'स्केटर गर्ल' ठेवावा. कथा सरळ आहे आणि पुढे काय होणार हे आधी कळते, परंतु त्यातली एक गोष्ट आतापर्यंतच्या एकाही चित्रपटात नव्हती. उदयपूरजवळच्या खेमपूर गावात चित्रीकरणासाठी काँक्रीटचे खरेखुरे स्केटपार्क बांधले गेले आणि काम संपल्यावर ते पाडले नाही. सेट म्हणून उभारलेले ते उतार गावातल्या मुलामुलींसाठी तसेच ठेवले गेले. शेवटच्या स्पर्धेचा प्रसंग पाहताना नायिकेवरून नजर काढून त्या काँक्रीटकडे पाहावे आणि त्यावर चाके कशी वाजतात ते ऐकावे.